इटली स्टार आणि शिपाई नामदेव जाधव

शिपाई नामदेव जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाबद्दल, सगळेच लिहितात, पण त्याच माणसाला मिळालेल्या इटली स्टारबद्दल कोणी काही बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा, रिबनवर लाल-पांढरा-हिरवा म्हणजे इटलीच्या झेंड्याचे रंग. दुसऱ्या महायुद्धात जून १९४३ ते मे १९४५ या काळात इटलीच्या आघाडीवर जे लढले त्यांना तो मिळाला, शिपाई असो की जनरल, सगळ्यांना सारखाच.

आता नामदेव जाधवांचं बघा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचा पोरगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनी रनर, म्हणजे कंपनीचे निरोप पोचवणारा शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतली सेनियो नदी ओलांडताना समोरून मशीनगन सुरू झाल्या, बरोबरची बहुतेक माणसं पडली. हा गडी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, चढा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे घेऊन आला आणि परत जाऊन दुसऱ्यालाही आणलं!! मग एकटाच मशीनगनवर चालून गेला, एक पोस्ट गप्प केली, तेवढ्यात हाताला जखम झाली आणि टॉमी गन चालवता येईना, तर ती टाकून दिली आणि ग्रेनेड फेकून आणखी दोन पोस्ट उडवल्या. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली नि उरलेल्यांना हात करून पुढे बोलावलं. वय तेव्हा २३.

क्रॉस मिळाला तो या पराक्रमासाठी, बरोबरच आहे. पण त्या दिवशी नदीत जे पडले, आणि ज्या दोघांना त्यांनी उचलून आणलं, त्यांच्या वाट्याला काय आलं? हाच तारा. आणि गोळी लागली होती की नाही हे त्या ताऱ्यावरून अजिबात कळत नाही, मागे फार तर शिपायाचा नंबर आणि नाव असतं. आता आपल्या सैन्यात शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना वेगळं पराक्रम पदक देतात, तेव्हा तसलं पदक नव्हतं, त्यामुळे किती जणांच्या जखमा नुसत्या घरच्यांच्या आठवणीत राहिल्या असतील.

तुमच्या पणजोबांचा असा तारा घरी असेल तर प्लीज तो घासून चकचकीत करू नका, रिबन फाटकी असली तरी फेकू नका. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक सापडलं तर त्यातला नंबर, पलटण आणि जखमेची नोंद लिहून पदकासोबतच ठेवा, आणि घरात कुणाला काही आठवत असेल तर ते आत्ताच विचारून घ्या.