हळकुंड मोडून बघायचं

परवा पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. ती सांगलीत विलिंग्डनला शेवटच्या वर्षाला आहे. "आत्या, तू लंडनला नेमकं करतेस काय गं? मैत्रिणींना सांगितलं, माझी आत्या कॉपीरायटर आहे, तर एक म्हणाली वकील का? आणि दुसरी म्हणाली, परीक्षेत कॉपी पुरवतात ते?"

बारा वर्षं मी हे काम करतेय आणि घरी अजून "ती जाहिरातीत आहे" एवढ्यावरच भागतं. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना लिहायची आवड असते, पण लिहून पोट भरतं हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून त्या रात्री तिच्याशी जे बोलले ते इथं लिहिते.

कॉपी म्हणजे एखादी वस्तू विकायला किंवा एखादी गोष्ट समजावायला लिहिलेला मजकूर. कॉपीराइट हा हक्क, त्याचा आमच्याशी संबंध नाही. होर्डिंगवरची ओळ आम्ही लिहितो हे लोकांना माहीत असतं, पण माझ्या दिवसभरात होर्डिंग क्वचितच येतं. पाकिटाच्या मागचा मजकूर, ईमेल, वेबसाइटची पानं, रेडिओची तीस सेकंदं, ॲपमधल्या बटणावरचे दोन शब्द हे रोजचं काम. गुगलवर शोधलं की वर ज्या जाहिराती दिसतात त्यांच्या एका मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा असते. त्या तीसात बसवायला अर्धा दिवस जातो.

सध्या एका वीज कंपनीची थकबाकीची पत्रं माझ्याकडं आहेत. जुन्या पत्राची सुरुवात होती, "आपल्या खात्यावर देय रक्कम प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले आहे". तिथं आता असं आहे: "तुमच्याकडून ६२ पौंड येणं आहे. एकदम भरणं जमत नसेल तर आम्हाला फोन करा, हप्ते पाडून देऊ." अर्थ तोच, फक्त पत्र उघडणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येऊ नये आणि पुढं काय करायचं ते तिला पहिल्या दोन ओळीत कळावं. अशा पत्राला बक्षीस मिळत नाही. मला मात्र या कामाचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

हे काम मी शिकले कुठं, तर थोडं इथल्या एजन्सीत आणि बरंचसं सांगलीच्या मार्केट यार्डात. अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचे, तेव्हा सौदे चालू असायचे. नाकात हळद, पायाखाली हळद. खरेदीदार यायचा, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातलं हळकुंड वर काढायचा. वरचं कधीच नाही. ते मोडायचा. मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचा, मग आतला रंग उजेडात धरायचा. आवाज खणखणीत नसला तर ओल राहिलीय. अण्णा म्हणायचे, "पिवळं कुणीही करतं बाळ, केशर आत असतं."

इथल्या पहिल्या नोकरीत दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडं हळदीच्या चहाचं काम आलं. मला वाटलं, आता आपला हात कोण धरणार! सांधेदुखीवर गुणकारी, सर्दी पळवणारी, प्रतिकारशक्ती वाढवणारी अशा वीस ओळी लिहून नेल्या. आमच्या वरिष्ठ बाईंनी लाल पेन घेतलं आणि एकेक करत वीसच्या वीस खोडल्या. ब्रिटनमध्ये खाण्यापिण्याची वस्तू आजार बरा करते किंवा टाळते असं जाहिरातीत म्हणताच येत नाही. आरोग्याचा इतर दावा करायचा तर तो साधारणपणे आधी मंजूर दाव्यांच्या यादीत असावा लागतो. जाहिरातींवरच्या तक्रारी ऐकणारी संस्था इथं १९६२ पासून आहे (आपल्याकडं आस्की ही तशीच संस्था १९८५ पासून आहे, पण किती जणांना तिचं नाव माहीत असतं?).

मला राग आला होता. आजीनं आयुष्यभर हळद लावली, पाजली, आणि हे मला सांगणार? पण बाईंनी शांतपणे विचारलं, "तू हळदीच्या गावची ना? मग या वीस ओळींत असं काय आहे, जे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं?" उत्तर नव्हतं.

घरी जाऊन अण्णांना फोन लावला. ते अर्धा तास बोलले: शिजवणं, वाळवणं, पॉलिश, हरिपूरची जमिनीखालची पेवं, आणि ते हळकुंड मोडणं. दुसऱ्या दिवशी मी चहाची पिशवी कात्रीनं कापली. आत भुकटी नव्हती, हळदीचे बारीक तुकडे होते. पुडक्यावर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं! मग ओळ लिहिली, तिचा मराठीत अर्थ असा: "पिशवी फाडून बघा. आतली हळद अजून हळदीसारखी दिसते." समोरच्या बाजूला चहाच्या कंपनीनं स्वतःचीच साधी ओळ ठेवली, माझी पुडक्याच्या कडेला गेली. तरी ते पुडकं अण्णांनी काचेच्या कपाटात ठेवलं होतं.

डेव्हिड ऑगिल्व्ही हे या धंद्यातलं मोठं नाव. जाहिरातीत येण्याआधी ते स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून शेगड्या विकायचे. १९५८ साली त्यांनी रोल्स रॉइसची जाहिरात लिहिली: ताशी ६० मैल वेगात या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो घड्याळाचा. त्यासाठी तीन आठवडे ते फक्त गाडीबद्दल वाचत होते. ही ओळ त्यांना सुचली नाही, वाचताना सापडली. त्यांचाही हात कोपरापर्यंत पोत्यात होता असं मला वाटतं.

"मग मी कुठला कोर्स करू?" पुतणीनं विचारलं. कोर्सनं वाईट होत नाही, पण माझी पदवी इथं कुणी मागितली नाही, पोर्टफोलिओ मागितला. पाच-सहा कामं, प्रत्येकासोबत दोन वाक्यं: अडचण काय होती आणि मी काय केलं. सुरुवातीला खरं गिऱ्हाईक नसलं तरी चालतं. लंडनची डी अँड एडी ही संस्था नवोदितांसाठी दरवर्षी खऱ्या ब्रँडचे ब्रीफ, म्हणजे काय काम करून हवंय त्याची टिपणं, जाहीर करते, ते घेऊन सांगलीत बसून सराव करता येतो. नोकरी एजन्सीत मिळते, कंपनीच्या आतल्या टीममध्ये मिळते, नाहीतर फ्रीलान्स. मी म्हणेन, पहिली दोन वर्षं एजन्सीत काढ, कारण तिथं खोडणारं माणूस असतं. त्यासाठी कर्ज काढून लंडन गाठायची गरज नाही, पुण्या-मुंबईतही तेच शिकायला मिळतं.

इंग्रजीची भीती मात्र काढून टाक. उलट चांगल्या मराठी कॉपीचा दुष्काळ आहे. "आपल्या केसांना द्या मजबुती", "आजच घरी आणा आनंद" असलं हिंदीवरून उचललेलं मराठी आपण रोज ऐकतो. कुठल्या घरात असं बोलतात? ज्या मुलीला भाजीवालीशी बोलल्यासारखं लिहिता येईल, तिची भाषा हीच तिची कमाई आहे. आणि हो, साधा मजकूर आता एआय क्षणात लिहून देतो, त्यामुळं शिकाऊ मुलांकडं यायची ती किरकोळ कामं कमी झालीत, हे मी लपवणार नाही. पण पिशवी कापून बघायला अजून माणूसच लागतं.

मी तिला एक काम दिलं. घराजवळच्या भडंगवाल्यांसाठी एक एसएमएस लिही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. रात्रीत तिनं तीन ओळी पाठवल्या. तिन्हींत "चटकदार" होतं. मी विचारलं, "दुकानात गेली होतीस?" गेली नव्हती.

शनिवारी गेली. तासभर उभी राहिली, गिऱ्हाइकांशी बोलली. एक आजी तिला म्हणाल्या, इतरांच्या भडंगात मसाला वरच्या वर असतो, तळाला नुसते चुरमुरे. यांच्याकडं तसं नाही. रात्री पुतणीचा मेसेज आला: "शेवटच्या मुठीतही लसूण लागतो."

मोजलं. काना-मात्रा, मोकळ्या जागा, पूर्णविराम सगळं धरून २८. अजून ४२ शिल्लक आहेत. दुकानाचं नाव आणि गल्ली तेवढ्यात बसेल.