फिफ्टीन की फिफ्टी?

डोस सांगताना मास्कमागून 'फिफ्टीन' म्हटलं काय आणि 'फिफ्टी' म्हटलं काय, ऐकणाऱ्याला सारखंच. त्यात फेसशील्ड, शेजारी ऑक्सिजनचा घोंगाट आणि बोलणाऱ्याचा हेल परका. एरवी बरंचसं बोलणं आपण ओठ बघूनही समजून घेतो. 2020 मध्ये कोविड वॉर्डात तो आधारही गेला. परदेशातून आलेली नर्स दोनदा विचारते, तिसऱ्यांदा विचारायला मात्र लाजते. चूक होते ती तिथे.

उपाय फुकटचा आहे. आकडा सुटा करून सांगायचा: 'वन फाइव्ह, फिफ्टीन'. औषधाचं नाव आणि डोस ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. सांगणारा 'बरोबर' म्हणेपर्यंत सिरिंज भरायची नाही. पण हा नियम अख्ख्या वॉर्डाला हवा. फक्त बाहेरून आलेल्यांना लावला तर तो अपमानच.

भाषेहून अवघड गाठ व्हिसाची. राहण्याचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असला की 'आज जादा ड्युटी जमणार नाही' हे वाक्य घशातच अडकतं, आणि इनचार्जला तो होकार हौसेचा वाटतो. म्हणून कोविड वॉर्डातल्या नाइट कोणाला किती लागल्या, ते दर महिन्याला नावापुढे आकडा टाकून बघावं. 'कोण येतंय?' असं विचारून भरलेल्या रोस्टरमध्ये तीच तीच नावं निघतात.

बारा तासांच्या ड्युटीनंतर खरा धोका डॉफिंगचा, म्हणजे अंगावरचा संरक्षक पोशाख उतरवण्याचा. अंगात त्राण नसतं, घरच्या वेळेचं गणित जुळवून फोन करायची घाई असते, आणि हात नकळत मास्कच्या पुढच्या भागाला लागतो. एन-95 सगळ्यात शेवटी, रुग्णाच्या खोलीबाहेर येऊन काढायचा: आधी खालचा पट्टा, मग वरचा, आणि लगेच हात स्वच्छ. समोर एखादा सहकारी उभा राहून एकेक पायरी मोठ्याने म्हणत असेल तर घाईला लगाम बसतो.

घरचं कोणी वारलं आणि सीमा बंद असल्या, तर अंत्यविधी फोनच्या पडद्यावरच बघावा लागतो. 'जाता येणार नाहीच, मग रजा कशाला?' हा हिशेब चुकीचा. त्या दिवशीची ड्युटी न विचारता बदलून द्यावी. समुपदेशनाचंही तसंच: 'बोललो तर नोंद होईल, परवान्यावर येईल' या भीतीने माणसं तिकडे फिरकत नाहीत. तिथलं बोलणं कोणाकडे जातं आणि कोणाकडे जात नाही, ते आधीच कागदावर लिहून द्यावं.