ऑर्बिफोलिया, चौदावा महिना

आज सकाळी ऑर्बिफोलियाचं, म्हणजे माझ्या कुंडीतल्या शोभेच्या कॅलाथियाचं, नववं पान पूर्ण उलगडलं. देठाजवळ अजून जराशी गुंडाळी आहे, पण रुपेरी पट्टे स्वच्छ दिसतात. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी गंगापूर रोडवरच्या नर्सरीतून आणलं तेव्हा झाडाला चार पानं होती आणि सर्वांत मोठं १४ सेंटिमीटर रुंद होतं. आकडे शेवटी देते. आधी कडा करपण्याबद्दल लिहायचं आहे, कारण माझं निम्मं वर्ष त्यातच गेलं. नाशिकमध्ये कॅलाथिया ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रारही तीच असते.

(नर्सरीत अजून कॅलाथियाच म्हणतात. २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी यातल्या बऱ्याच जाती गोएपर्टिया या प्रजातीत हलवल्या, त्यात ऑर्बिफोलियाही गेली. मूळची बोलिव्हियाची. आपलं आरारूट याच कुळातलं.)

जागा: इंदिरानगर, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी आणि तिला पातळ सुती पडदा. पडद्याशिवाय सकाळी नऊचं ऊनसुद्धा पानावर पांढुरका डाग पाडतं.

जुलै ते सप्टेंबर झाड नुसतं वाढत होतं. तीन नवी पानं आली. दिवेलागणीच्या सुमारास पानं हळूहळू उभी राहायची आणि सकाळी पुन्हा आडवी व्हायची. देठ पानाला मिळतो तिथे जाडसर सांधा असतो. त्यातल्या पेशींमधलं पाणी कमीजास्त होऊन ही हालचाल होते. पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसत होते.

ऑक्टोबर. ऊन तापलं आणि दहा दिवसांत तीन पानांच्या कडा तपकिरी झाल्या. हवा कोरडी झाली म्हणून असं होतंय, असं मी धरून चालले आणि दिवसातून चार वेळा पाणी फवारायला लागले. खोलीत ठेवलेला आर्द्रतामापक मात्र वेगळंच सांगत होता: फवारलं की आकडा चढायचा आणि पाचसात मिनिटांत होता तिथे यायचा. तरी मी महिनाभर फवारत राहिले. करपणं थांबलं नाही.

खरं कारण डिसेंबरात सापडलं, तेही कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली म्हणून. पावसाळ्यात मी बाल्कनीत साठवलेलं पावसाचं पाणी घालत होते. ते संपल्यावर पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओमधून (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून) वाया जाणारं पाणी घालायला लागले. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणून मोजलं: नळाचं १७०, आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं ५४०. म्हणजे अडीच महिने मी तिला क्षार पाजत होते. पाणी पानातून उडून जातं, क्षार कडेला साचतात आणि आधी कडच करपते. पावसाळ्यातल्या वाढीचं सगळं श्रेय मी दमट हवेला दिलं होतं. त्यातला मोठा वाटा पावसाच्या पाण्याचा होता.

पाणी रात्रभर बादलीत ठेवायचा सल्ला सगळेच देतात. त्याने क्लोरीन उडून जातो, क्षार जात नाहीत. उकळल्यावर तर पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं.

डिसेंबर-जानेवारी काहीही केलं नाही. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटत होत्या आणि माझ्या खिडकीशी पहाटे १२ अंश होते. या झाडाला १५च्या खाली सोसत नाही, म्हणून कुंडी हॉलच्या आतल्या भिंतीशी हलवली आणि पाणी निम्म्यावर आणलं. नवं पान एकही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कुंडी बदलली. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवून तीन पाण्यांतून धुतली, कारण कोकोपीटमध्येही मीठ असतं. पहिल्या धुण्याचं पाणी मीटरने बघा, खात्री पटेल. मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे), एक भाग घोटीच्या भातगिरणीतून आणलेलं तूस भाजून, अर्धा भाग लोणारी कोळशाचे तुकडे, वर दोन मुठी गांडूळखत. मुळं सोडवताना गड्डा आपसूक दोन भागांत सुटला. मग लहान भागाला नळाचं पाणी आणि मोठ्याला कमी क्षारांचं असं ठरवलं. खिडकी तीच, मिश्रण तेच.

मार्चमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, कुंडी बदलल्याचा धक्का असेल. त्याच आठवड्यात दिंडोरीचे मामा द्राक्षं घेऊन आले. मी पान दाखवलं तर म्हणाले, "अगं, वरून काय बघतेस? उलटं कर." खिशातलं भिंग काढून त्यांनी क्षणभर पाहिलं. "लाल कोळी. बागेत येतो तोच."

"गंधक मारू का, मामा?"

"या उन्हात? पान भाजेल. धुऊन काढ. आणि एकदा धुतलं म्हणून सोडू नकोस, अंडी राहतात."

(लाल कोळी म्हणजे पानाच्या खालच्या बाजूने रस शोषणारी बारीक कीड.) तसंच केलं. बाथरूममध्ये कुंडीला पिशवी बांधली, झाड आडवं धरलं आणि हँडशॉवरने प्रत्येक पान खालून धुतलं. दर चार दिवसांनी, एकूण सहा वेळा. उन्हाळ्यात अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा धुऊन काही उपयोग नाही. निंबोळी तेल एका पानावर लावून पाहिलं, त्यावर तेलकट काळपट डाग उरला. पुन्हा लावलं नाही. दुपारी आर्द्रता २२ टक्के होती, आणि कोळ्याला हवी असते ती हीच हवा. म्हणून सगळी झाडं एका कोपऱ्यात गोळा केली आणि शेजारी लहान ह्युमिडिफायर ठेवला. आकडा ४५च्या आसपास राहिला. त्यावर केलेला खर्च मला सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

मोठ्या झाडाला मार्चपासून एसीचं पाणी. मीटरवर २० भरतं. पहिली बादली धुळीची असते, ती ओतून द्या. एप्रिलमध्ये हवाच कोरडी, त्यामुळे रात्रभरात जेमतेम दीड लिटर मिळायचं. मेअखेर हवा दमट झाल्यावर बादली भरायला लागली.

आता तुलना. मेपर्यंत नळाच्या पाण्यावरच्या झाडाला फक्त टोकाशी दोन-तीन मिलिमीटर तपकिरी होतं. एसीच्या पाण्यावरच्या नव्या पानांना काहीच नाही. दोनच झाडं आहेत, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढत नाही. पण आपल्या नळाच्या पाण्याला जेवढी नावं ठेवली जातात तेवढं ते वाईट नाही, असं माझं मत झालं आहे. मेच्या मध्याला मात्र सोसायटीने टाकीत बोअरचं पाणी मिसळलं आणि मीटर थेट ६८०वर गेला. ते तीन आठवडे लहान झाडालाही एसीचंच पाणी दिलं. तुमच्या इमारतीत बोअर असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला मोजा.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. मी ती कात्रीने पानाच्या वळणाने कापते आणि तपकिरी रेघ केसभर ठेवते. हिरव्यात कापलं की तिथून पुन्हा करपतं.

आजचे आकडे. मोठं झाड: ९ पानं, त्यातली ५ कुंडी बदलल्यानंतरची. लहान झाड: ४ पानं, सर्वांत मोठं १६ सेंटिमीटर. बाल्कनीत पावसाच्या पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन भरून, झाकून ठेवलेत. ऑक्टोबरात दोन्ही झाडांना त्यातलंच देणार.

मोठ्याचं नववं पान साडेबावीस सेंटिमीटर भरलं. कड पूर्ण हिरवी आहे.