भरतीची वेळ नोंदवल्याशिवाय नमुना नाही

तुर्भ्याला आमची प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा कामं ठरलेली होती: सोसायट्यांच्या टाक्या, बोअरवेल, कारखान्यांचं सांडपाणी. ठाणे खाडीचं काम मागाहून आलं. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडतात, त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पाणी कसं राहतं, ते वर्षभर तपासायचं होतं.

खाऱ्या पाण्याचं तंत्रच वेगळं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असतं. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला लागणारा ऑक्सिजन, काढताना ते क्लोराइड आडवं येतं आणि आकडा फुगतो. म्हणून खाडीत आमचा भर विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन), अमोनिया आणि फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, यांवर असतो.

ऑक्सिजनचा नमुना होडीतच पक्का करावा लागतो. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं, बुडबुडा न राहू देता बूच लावायचं, उलटसुलट करायचं. साका तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. नव्या मुलामुलींना मी आधी हेच दाखवते. सरत्या ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत जेमतेम पिवळसर झाक येते. ती एकदा पाहिली की नमुना कधी निष्काळजीपणे हाताळावासा वाटत नाही.

ठाणे खाडी वरच्या अंगाला उथळ आणि चिंचोळी आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, तर बरंचसं तेच पाणी मागेपुढे होत राहतं. भरतीला नमुना घेतला तर समुद्राच्या पाण्यामुळे सगळं बरं दिसतं. त्याच जागी ओहोटीला चित्र पालटतं. त्यामुळे आम्ही दोन्ही वेळा जातो. पाणी फिरल्याचं दिवाळे कोळीवाड्याचे आमचे होडीवाले तांडेलकाका आमच्याआधी ओळखतात. एका ग्राहकाला फक्त भरतीचे नमुने हवे होते. ते काम आम्ही सोडलं, आणि तेव्हा पैशांची चणचण होती तरी सोडलं.

दुसरा आग्रह क्षारतेचा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सुटणारं पाणी गोडं असतं, म्हणून क्षारता कुठवर उतरते त्यावरून ते कुठवर पसरलं ते कळतं. पण उघडे नालेही गोडं पाणीच आणतात, तेही प्रक्रिया न झालेलं. त्यांचे नमुने वेगळे घेतले नाहीत तर सगळा दोष केंद्राच्या माथी जातो, किंवा केंद्राचा दोष नाल्यांवर ढकलला जातो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समुद्री पाण्याच्या निकषांत पोहणं आणि व्यावसायिक मासेमारी 'एसडब्ल्यू-2' या एकाच वर्गात येतात: लिटरमागे ऑक्सिजन किमान 4 मिलिग्रॅम, बीओडी फार तर 3. इथल्या कोळीवाड्यांचं पोट या पाण्यावर चालतं. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशा पाण्याबद्दलचा अहवाल अर्धवट वेळेचा असूच नये.

आता आम्ही कायम पाण्यात राहणारे सेन्सर लावायच्या तयारीत आहोत. गाळ आणि शेवाळ त्यांच्यावर भराभर चढतं, म्हणून सफाईचा हिशेब खरेदीच्या खर्चातच धरलाय.