‘नॉर्दर्न एक्स्पोजर’: काहीच घडत नाही, की बरेच काही घडते?

साशा आणि जॉन डिगवीड या ब्रिटिश डीजेंचा ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ हा मिक्स अल्बम, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक एकमेकांत मिसळून सलग वाजवलेला संच, मिनिस्ट्री ऑफ साउंड या कंपनीने 1996 मध्ये प्रकाशित केला. तेव्हापासून आजतागायत त्याविषयी श्रोत्यांचे एकमत झालेले नाही. काही जण त्याला डीजे मिक्सचा मानदंड मानतात, तर काहींची तक्रार अशी की, विशेषतः ‘नॉर्थ’ या पहिल्या डिस्कवर, बराच वेळ काहीच घडत नाही. प्रोग्रेसिव्ह हाउस कुठे संपते आणि ट्रान्स कुठे सुरू होतो ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या या दोन शैलींमधली रेषा त्या काळी पुसटच होती, त्यामुळे दोन्हीकडचे श्रोते आपापल्या अपेक्षा घेऊन या अल्बमकडे येतात आणि त्या अपेक्षांनुसारच त्याला जोखतात.

ही तक्रार मी उडवून लावणार नाही. ती बहुधा अशा श्रोत्यांकडून येते ज्यांची या संगीताशी ओळख पॉल ओकनफोल्ड या डीजेच्या 1998 मधील ‘ट्रान्सपोर्ट’सारख्या अल्बममधून झाली. अमेरिकेतील मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत ट्रान्स पोहोचवण्यात त्या अल्बमचा वाटा मोठा आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक ट्रॅकला स्वतःची ठळक धून आहे, ब्रेकडाउनमध्ये ठेका थांबतो, ताण वाढत जातो आणि किक, म्हणजे ठेक्याचा जड ड्रम, परतली की सगळे समेवर येते. दर काही मिनिटांनी असा कळस अनुभवण्याची कानाला सवय लागली, की ‘नॉर्थ’ची संथ बढत कंटाळवाणी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जे घडते ते या डिस्कवर ट्रॅकच्या पोटात कमी आणि दोन ट्रॅकच्या सांध्यावर अधिक घडते, आणि कान नेमका तिथे नसेल तर ते निसटून जाते.

असा सांधा कसा बांधला जातो ते पाहण्यासारखे आहे. मिनिटाला 130 ठोके धरले तर 32 बारांच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन) एका फ्रेजमध्ये, म्हणजे सांगीतिक वाक्यात, 128 ठोके येतात, म्हणजे जवळपास एक मिनिट. जाणाऱ्या ट्रॅकचे शेवटचे मिनिट बहुधा किक आणि हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) एवढ्यावर उरलेले असते; येणाऱ्या ट्रॅकचा पॅड, म्हणजे लांबवलेला पार्श्वस्वर, त्याखाली इतक्या हळू उगवतो की तो नेमका केव्हा आला हे सांगता येत नाही. दोन बेसलाइन, म्हणजे खर्जातल्या ओळी, एकत्र वाजल्या तर आवाज गढूळ होतो, म्हणून डीजे ईक्यूवर (खर्ज व तार कमी-जास्त करण्याच्या बटणांवर) एकीचा खर्ज काढतो आणि फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावर दुसरीचा आणतो. नीट ऐकणाऱ्याला त्या एका ठोक्यावर पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि ज्याचे लक्ष केवळ धुनेकडे आहे त्याच्या लेखी मात्र काहीच घडलेले नसते.

त्यातच स्वराचा प्रश्न असतो. त्या काळात डीजे मुख्यतः विनाइलवर, म्हणजे ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर, काम करत, आणि विनाइलचा वेग वाढवला की पट्टीही चढते. वेग सुमारे 6 टक्के वाढला तर स्वर जवळपास अर्ध्या सुराने वर जातो. ठेका जुळला तरी सूर भांडू शकतात, म्हणून दोन्ही बाबतींत जुळणारे ट्रॅक निवडणे आणि त्यांचा क्रम लावणे हीच अशा मिक्सची खरी रचना असते. या जोडीने 1994 मध्ये ‘रेनेसान्स: द मिक्स कलेक्शन’ हा तीन डिस्कचा संच केला होता, त्यातही ही दृष्टी जाणवते, ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’मध्ये मला ती अधिक पक्व वाटते.

म्हणूनच एकेका ट्रॅकला गुण देऊन शेवटी सरासरी काढणारी मते मला पटत नाहीत. एरवी सामान्य वाटणारा ट्रॅक दोन उजळ ट्रॅकांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा देत असेल, तर तो तिथे अपरिहार्य असतो. ऐकण्याच्या साधनांचाही यात दोष आहे. एमपीथ्री करताना प्रत्येक फाइलच्या कडेला किंचित शांतता जोडली जाते, आणि ती वगळण्याची सोय प्लेअरमध्ये नसेल तर ऐन सांध्यावर बारीक खाच ऐकू येते. शफलवर तर सांधाच उरत नाही. असे ऐकून बनलेले मत प्रामाणिक असेल, पण ते सुट्या ट्रॅकांविषयीचे आहे, मिक्सविषयीचे नव्हे.

‘साऊथ’ या दुसऱ्या डिस्कबाबत मात्र मी टीकाकारांच्या बराच जवळ आहे. ती नृत्यभूमीकडे अधिक झुकते, तिचा जोम निःसंशय आहे, आणि कित्येकांना तीच अधिक आवडते. परंतु एकदा वेग पकडल्यावर ती पहिल्या डिस्कइतकी रंग बदलत नाही. नव्या श्रोत्याला सोपी म्हणून ‘साऊथ’ आधी ऐकण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी ‘नॉर्थ’च सुचवेन, तीही सलग, हेडफोनवर, आणि पहिला सांधा येईपर्यंत मत न बनवता.