वाड्यामागची झिपलाइन: जुन्या खानदेशी गावात नवे खेळ बसवताना

आमच्या पर्यटन केंद्रातलं गाव साडेआठ एकरांत आहे. रावेर-यावलकडचं धाब्याचं घर, एक चौसोपी वाडा, सातपुड्यातल्या पावरांची कुडाची झोपडी, सुतार-लोहार-कुंभारांचे ओटे आणि मारुतीचा पार. शाळेची सहल हे सगळं दोन तासांत बघून संपवते आणि पोरं विचारतात, "आता खेळायला काय?" मालकांनी तीन गोष्टी मागितल्या: झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून घसरत जायचा खेळ), छोटी रेल्वे आणि रेन डान्स. गावाचं गावपण जाऊ न देता हे बसवण्याचं काम आमच्याकडे आलं. त्याला चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार केवळ मोजमापात आणि वादात गेले, आणि तेच सगळ्यात कामी आले.

सुरुवात साल ठरवण्यापासून केली. "जुनं" म्हणजे काही साल नव्हे. सुतार म्हणतो जुनं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आजोबांचा वाडा असतो. मालकांच्या डोळ्यांसमोर शिवकाल. आम्ही १९३५ धरलं, आणि निम्मे वाद तिथेच मिटले. कारण १९३५चं खानदेश म्हणजे फक्त माती आणि शेण नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला भाव आला, त्याच सुमाराला रेल्वे आली, आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. म्हणजे नालीदार पत्रा, ओतीव लोखंडाचे खांब, मंगलोरी कौल, दगडी कोळशाचा धूर हे सगळं त्या सालात बसतं. पत्रा दिसला की वातावरण बिघडलं, हा समज चुकीचा आहे. वाड्यावर पत्रा घातला तर बिघडतं. जिनिंगच्या शेडवर तो हवाच. यंत्राला लपवायला जागा शोधण्यापेक्षा यंत्राची हक्काची जागा गावातच निर्माण केली: गावाच्या पूर्व टोकाला कापसाच्या जिनिंगची शेड. पंप, फिल्टर, बॅटऱ्यांचं चार्जिंग, तिकीट खिडकी, सगळं त्या शेडमध्ये गेलं.

झिपलाइनच्या कंत्राटदाराचा आराखडा १५ मीटरच्या मनोऱ्याचा होता, वाड्याच्या पाठीमागे ४८ मीटरवर. कागदावर तो दिसणार नव्हता. वाड्याची भिंत ६ मीटर, माणसाच्या डोळ्याची उंची दीड मीटर; अंगणात भिंतीपासून १२ मीटरवर उभं राहिलं तर मनोऱ्याच्या जागी २४ मीटरपर्यंतचं काहीही भिंतीआड जातं. पण लोक अंगणात थांबत नाहीत, फोटो काढायला पारापर्यंत मागे सरकतात. पार भिंतीपासून ४० मीटरवर. तिथून हिशेब असा: ४.५ (भिंत उणे डोळा) भागिले ४०, गुणिले ८८ (४० अधिक ४८), अधिक १.५, म्हणजे ११.४ मीटर. मनोऱ्याचे वरचे साडेतीन मीटर, म्हणजे नेमका छप्पर आणि माणसं असलेला भाग, वाड्याच्या डोक्यावर उगवला असता.

हिशेब पटत नाही तिथे फुगा पटतो. पहाटे वारा नसताना लाल हेलियमचा फुगा १५ मीटरच्या दोरीला बांधून मनोऱ्याच्या जागी सोडला, आणि गावातल्या नऊ ठिकाणांहून डोळ्याच्या उंचीवरून फोटो घेतले. सहा फोटोंत फुगा दिसला. साडेनऊनंतर ही चाचणी करू नये; उन्हाळ्यात वारा सुटतो, फुगा आडवा होतो आणि उंची कमी दिसते.

उपाय आडबाजूला पडलेल्या मुरमाच्या टेकाडात सापडला. टेकाड ६ मीटरचं, वर ५ मीटरचा लाकडी माळा, छपरासकट ११. खालून ओढा जात असल्याने मध्ये उंचीही मिळाली. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्सला झाडांच्या शेंड्यांवर काही उभारायची परवानगी नव्हती, म्हणून १९९४ची नेमेसिस ही रोलर कोस्टर त्यांनी खड्डे खोदून खाली बसवली. युक्ती तीच. आमच्याकडे खोदायला खडक नव्हता एवढंच.

मनोऱ्याला बुरुजाचा आकार द्या, अशी सूचना दोनदा आली. आम्ही दोन्ही वेळा नाही म्हटलं. फायबरचा बुरुज दहा पावलांवरून ओळखू येतो, आणि मग शेजारचा खरा सागवानी खांबही पोकळ असेल असं वाटायला लागतं. लोखंडी भागांना राखाडी-हिरवट, अजिबात चमक नसलेला रंग दिला. डिस्नेवाले अशा रंगाला 'गो अवे ग्रीन' म्हणतात. आपल्याकडे त्यात पिवळसर झाक जास्त लागते, कारण डिसेंबरपासून रान हिरवं राहतच नाही. रंग दुकानातल्या कार्डावर निवडू नये. तीन पट्ट्या रंगवून एप्रिलमधल्या दुपारी बाराला जागेवर टेकवून बघाव्यात.

तारेचा एक मुद्दा या भागात विसरून चालत नाही. आमची तार १६० मीटर. जानेवारीची पहाट १० अंश आणि मे महिन्यातली दुपार ४५, म्हणजे ३५ अंशांचा फरक. पोलादी तार तेवढ्यात साधारण ७ सेंटिमीटर लांबते. ऐकायला किरकोळ, पण झोळ ३ मीटरवरून हिशेबाने साडेतीनच्या पुढे जातो. मे महिन्यात हलकं पोरगं उतरण्याच्या ओट्याआधीच थांबतं, जानेवारीत वजनदार माणूस ब्रेकवर आदळतो. ताण आणि ब्रेक ऋतूप्रमाणे लावायचे, आणि सकाळची चाचणी दुपारी तीनला पुन्हा करायची. पाया काळ्या मातीत घेऊ नये. आमच्याकडे ती १.८ मीटर खोल निघाली. खोदून मुरमावर गेलो आणि खड्डा भरायलाही मुरूमच वापरला. उकरलेली काळी माती परत टाकली की पावसात फुगते आणि पाया उचलते.

रेल्वेसाठी बाजारात मिळणारं इंजिन म्हणजे लाल-निळं, डोळे असलेलं. ते नाकारलं. पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे, 'पीजे', इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात आहे. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. आमच्या वळणांत तो मावत नव्हता, म्हणून ३८१ मिलिमीटर घेतला, म्हणजे बरोबर निम्मा. त्यामुळे डब्यांची मापंही निम्म्याने काढता आली. इंजिन बॅटरीवर चालतं. नकली धुराचं यंत्र लावून पाहिलं आणि काढून टाकलं. त्याचा गोडसर वास कुंभाराच्या ओट्यापर्यंत जात होता. स्टेशनच्या पाटीवर "जि. पूर्व खानदेश" लिहिलं, कारण १९०६ला खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. "जळगाव जिल्हा" लिहिलेली पाटी एकाने रंगवून आणली होती, ती परत पाठवली. पहिल्या पावसात रुळाची एक बाजू १२ मिलिमीटर खचली. कारण तेच, काळी माती. ३०० मिलिमीटर मुरूम, त्यावर जिओटेक्सटाइल (माती आणि खडी मिसळू न देणारं कापड), त्यावर खडी, असा थर दिल्यावर थांबली.

रेन डान्सवर सगळ्यात जास्त भांडलो. अडचण पाण्याची नव्हती, स्पीकरची होती. उघड्यावर आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने लोहाराच्या घणाचा आवाज स्पष्ट ऐकू यायला स्पीकर गावाच्या कुंपणापलीकडे न्यावा लागला असता. त्याऐवजी फड केला. पांझरा-मोसमच्या खोऱ्यातली फड पद्धत खानदेशाबाहेर फारशी माहीत नाही: नदीवर बुटका बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाळीने पाणी सोडणारा पाटकरी. आम्ही ओढ्याकाठी त्याची लहान प्रतिकृती केली. पोरांनी लाकडी फळ्या उचलून पाणी आपल्या चारीत वळवायचं. पाणी १५ सेंटिमीटर. गाण्याशिवाय पोरं रमणार नाहीत, हा अंदाज पहिल्याच रविवारी खोटा ठरला. भिजतात तेवढीच, आणि पाळीवरून भांडतात अगदी खऱ्या शेतकऱ्यांसारखी.

इथली चूक मात्र आमची. पाट आतून चुन्याने गिलावा केला, दिसायला फार देखणा. ओला चुना पाण्याचा पीएच चढवतो, आणि पीएच ८च्या वर गेला की क्लोरीन असूनही फारसं काम करत नाही. चौथ्या दिवशी पाण्यावर हिरवट तवंग. चुना खरवडून काळ्या दगडाच्या फरश्या बसवल्या, सांधे सिमेंटने भरले, चुना फक्त पाण्याच्या रेषेच्या वर ठेवला. एकूण पाणी १८ घनमीटर आणि पंप ताशी ३६चा, म्हणजे अर्ध्या तासात सगळं पाणी फिल्टरमधून जातं. खानदेशच्या उन्हात क्लोरीन भराभर उडतो, तेव्हा दर दोन तासांनी तपासणी.

रांगेचा मांडव वाड्याच्या मातीच्या भिंतीला लागून होता. गवंड्याने सवयीने खालचे दोन फूट सिमेंट मारलं. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं, ओल आत साठते आणि पावसाळ्यानंतर गिलावा भिंतीचं तोंड घेऊनच पडतो. ते काढून गारा, म्हणजे मातीचा गिलावा केला: जुन्या गढीवरची पांढरी माती २ पाट्या, चाळलेली वाळू ३, गव्हाचा भुसा १, शेण अर्धी. आठ दिवस कुजवायचं, रोज तुडवायचं, १२ ते १५ मिलिमीटरच्या आत दोन हातांत लावायचं. काळी माती वापरली तर वाळताना तडकते. मांडवाला खालून खरा कडीपाट (लाकडी तुळया आणि फळ्या) आहे, वर मात्र खरं माळवद (मातीचं सपाट छप्पर) नाही. पाव मीटर मातीचं वजन दर चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास जातं, आणि तेवढं पेलणारं लाकूड आता परवडत नाही. खालून दिसतं ते खरं, वर दिसत नाही तिथे पत्रा आणि पातळ मातीचा थर.

केबल ७५ सेंटिमीटर खोल, वाळूत, वर विटा आणि इशाऱ्याची पट्टी. दिवे २२०० ते २७०० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. त्यापुढे गेलं की पांढरा उजेड मातीच्या भिंतीला सिमेंटसारखी करतो. रेल्वेतल्या सूचना बोलीत हव्या होत्या, आणि इथे फसायला वेळ लागत नाही: धुळ्याकडची अहिराणी, जामनेरकडची तावडी आणि यावल-रावेरची लेवा गणबोली यांत कान असलेल्याला लगेच फरक कळतो. रेल्वे पाचोरा-जामनेरची, म्हणून आवाज तावडी बोलणाऱ्या बाईंचा घेतला.

सुरक्षेच्या पाट्यांना जुनं रूप दिलं नाही. वजनाची मर्यादा, उंचीची पट्टी, अग्निशामक, बाहेर जायची वाट हे मोठ्या अक्षरांत, आजच्या रंगांत आहे. फक्त सगळं टेकाडाच्या मागच्या बाजूला, रांगेत शिरल्यावरच दिसतं. पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) मांडव सुंदर दिसला असता, पण एप्रिलमध्ये एका ठिणगीला पुरेल एवढा वाळतो, म्हणून तोही टाळला.

हेल्मेटवरून शेवटपर्यंत वाद होता. पारावरून फोटो काढला की वाड्याच्या डाव्या अंगाला ओढ्यावरून जाणारा एक लाल ठिपका येतो. मातकट रंगाची हेल्मेटं मागवून पाहिली; तारेवरची फेरी मध्येच थांबली तर ओढ्यातल्या झाडीत अडकलेला माणूस खालच्या मदतनिसाला दिसेना. लालच ठेवली. त्या बाजूला करंजाची चौदा रोपं लावली आहेत, सध्या कमरेएवढी आहेत.