सातवा खांब

लालबागमध्ये सकाळी पावणेसहाला बस कमी असतात, डांबर गार असतं आणि फुटपाथवर उंची मोजायची पट्टी उभी करायला जागा मिळते. पडताळणीची वेळ म्हणून तीच ठरली. एका व्यावसायिक संस्थेच्या भूमापन पुरस्कारासाठी आलेल्या सात कामांपैकी दोन आम्ही तिघा परीक्षकांनी बाजूला काढली होती. त्यातल्या एकाची मोजणी जागेवर पुन्हा करून पाहायची होती.

काम दिसायला अगदी किरकोळ. तीन मजली जुनी चाळ, तिच्या शेजारी नव्या इमारतीच्या तळघरासाठी १२ मीटर खोल खड्डा. खोदाई चालू असताना चाळ खचते आहे का, हे पाहायचं. चाळीच्या खांबांवर २४ बिंदू आणि आठवड्यातून दोन फेऱ्या, एवढाच पसारा. अर्जासोबत ना रंगीत त्रिमितीय चित्र, ना चित्रफीत. फील्ड बुकांच्या (जागेवर लिहिलेल्या मोजणीच्या वह्यांच्या) छायाप्रती, लेव्हलच्या (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीच्या) मूळ फाइली आणि चार पानांचा अहवाल, इतकंच होतं.

दुसरं काम शिवडीकडच्या एका मोठ्या भूखंडाच्या ड्रोन सर्वेक्षणाचं होतं. सादरीकरण देखणं होतं, पडद्यावर भूखंड फिरत होता, झाडांची पानंही दिसत होती. अहवालात अचूकता लिहिली होती ५ मिलिमीटर. चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर ३ सेंटीमीटरचा. आडव्या मापात एक-दोन पिक्सेलांएवढी आणि उंचीत त्याहून जास्त चूक धरावी लागते. मग ५ मिलिमीटर आले कुठून? मूळ फाइल मागवल्यावर कळलं. जमिनीवरच्या ज्या खुणांना चित्र बांधलं होतं, त्याच खुणांवर अचूकताही तपासली होती. तपासणीचे बिंदू वेगळे ठेवायचे असतात आणि ते गणितात घालायचे नसतात. इथे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवला होता.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सापडली आणि ती मुंबईत वारंवार सापडते. कंपाउंडची ४१२ मीटरची भिंत नकाशात सुमारे ९ सेंटीमीटर लांब भरत होती आणि अहवालाचा निष्कर्ष होता की भिंत मंजूर आराखड्यापेक्षा पुढे सरकली आहे. भिंत होती तिथेच होती. नकाशा यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून सपाट नकाशा काढण्याच्या पद्धतीच्या) ४३ उत्तर या पट्ट्यात काढला होता. या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मुंबई तिच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला. इतक्या दूर नकाशावरचं अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा मोठं होतं. कुलाब्याला किलोमीटरमागे सुमारे २५ सेंटीमीटर, मुलुंडला सुमारे १७. शिवडीत साधारण २२. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं उपकरण) किंवा टेप जमिनीवरचं अंतर देते, त्यामुळे दोन्ही मापं एका कागदावर आणण्याआधी गुणक लावावा लागतो आणि कोणता लावला ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहावं लागतं. नऊ सेंटीमीटरवरून सोसायटी आणि शेजारी वर्षानुवर्षं कोर्टात जातात, म्हणून हे किरकोळ मानता येत नाही.

सातपैकी तीन अर्जांत पातळीचे आकडे होते, पण शून्य कुठलं ते नव्हतं. दुसऱ्या एखाद्या शहरात हे कदाचित खपून जाईल. मुंबईत महापालिकेच्या कागदांवर टाउन हॉल डेटम (टीएचडी) असतो, म्हणजे उंची मोजायला शहराने धरलेलं स्वतःचं शून्य. सखल भूखंड निदान ९२ फूट टीएचडीपर्यंत भरून घ्या, अशी अट बांधकामाच्या जुन्या परवानग्यांवर वाचायला मिळते. त्याचा अर्थ समुद्रसपाटीच्या वर ९२ फूट असा नाही, टाउन हॉल डेटमचं शून्य समुद्रसपाटीच्या बरंच खाली धरलेलं आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासूनच्या, बंदरातल्या पाण्याची खोली चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशासाठी धरलेल्या ओहोटीच्या पातळीपासूनची. जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या) उपकरणावर कच्ची उंची पाहिली तर लालबागचा रस्ता उणे पन्नास-साठ मीटरच्या घरात दिसतो, कारण ती उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. चार शून्यं असलेल्या शहरात शून्याचं नाव न घालता पातळी लिहिणं ही मोठी चूक आहे.

आता चाळीकडे.

या कामाचं फील्ड बुक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या एका सर्व्हेअर मुलीने लिहिलं होतं. पट्टी धरणारे काका पन्नाशी ओलांडलेले. पानांवर खाडाखोड नव्हती, खोडरबर तर नव्हताच. चुकलेला आकडा एका रेघेने कापून वर नवा, बाजूला सही आणि कारण. ‘बस गेली’, ‘पट्टी हलली’, ‘ऊन’. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, सुरू केल्याची वेळ, तापमान, लेव्हलचा आणि पट्टीचा क्रमांक. दर सोमवारी टू-पेग टेस्ट, म्हणजे लेव्हलची दृष्टिरेषा खरंच आडवी आहे का याची तपासणी, आणि तिचा निकालही तिथेच.

टू-पेग टेस्टला आठवडाभरात काय होणार, असं पुष्कळ जण म्हणतात. दृष्टिरेषा १० सेकंदांनी जरी कललेली असली, तरी २० मीटरवर जवळपास १ मिलिमीटर चूक येते. बॅकसाइट आणि फोरसाइट, म्हणजे मागच्या आणि पुढच्या पट्टीवरची वाचनं, समान अंतरावर ठेवली तर ती चूक आपोआप निघून जाते. पण लालबागच्या फुटपाथवर समान अंतर कुठे मिळतं? मधे हातगाडी असते, मंडपाचा खांब असतो, उभी केलेली मोटरसायकल असते. मागे ३० आणि पुढे १० मीटर झालं की तोच १ मिलिमीटर थेट निकालात. आणि इथे शोधायचं होतं तेच मुळी एक-दोन मिलिमीटर.

बिंदूंची घडणही नीट होती. खांबात जोत्याजवळ १०० मिलिमीटर खोल भोक पाडून इपॉक्सीत बसवलेला स्टेनलेस स्टीलचा खिळा, गोल डोक्याचा. गोल डोक्यावर पट्टी एकाच जागी टेकते. चपट्या डोक्यावर ती दर वेळी वेगळ्या कडेवर बसते आणि अर्धा मिलिमीटर फुकट जातो. प्रत्येक डोक्याला ग्रीस आणि वर प्लास्टिकचं टोपण, कारण खारी हवा आणि चाळीतल्या मुलांचा चेंडू.

पट्टी इन्व्हारची (उष्णतेने फारसा न वाढणाऱ्या मिश्रधातूची), बारकोडची. नेहमीची ॲल्युमिनियमची पट्टी १० अंशांच्या फरकाने दीड मीटर उंचीत सुमारे ०.३५ मिलिमीटर बदलते. रस्त्याच्या कामात ते चालतं, इथे नाही. पट्टीवरचा गोल बबलही तपासलेला होता. पट्टी २ अंश कलली तर २ मीटरच्या वाचनात १.२ मिलिमीटर जास्त येतात. चांगल्या पट्टीवाल्याची किंमत इथे कळते. काकांनी पट्टीला दोन बांबूंचा टेकू दिला होता आणि बबल मधे आल्याशिवाय हात वर करत नव्हते.

हे सगळं चांगलं काम झालं, नियमाप्रमाणे झालेलं. निर्णय फिरवला तो जुलैतल्या एका पानाने.

त्या दिवशीच्या फेरीत २४ पैकी २३ बिंदू वर गेलेले दिसत होते, २.९ ते ३.३ मिलिमीटरच्या दरम्यान. सातव्या खांबावरचा बिंदू फक्त ०.९ वर. फेरीचं क्लोजर (निघालो त्याच बिंदूवर परतल्यावर उरलेला फरक) ०.५ मिलिमीटर, म्हणजे मोजणीत दोष नाही. घाईतल्या माणसाने अहवालात काय लिहिलं असतं? पावसाने माती फुगली, चाळ किंचित उचलली, धोका नाही, सर्वात स्थिर खांब सातवा. वरून आलेल्या आकड्यांचा तक्ता पाहून कार्यालयात बसलेल्या कोणाचंही हेच मत झालं असतं.

त्या पानाच्या तळाशी तिने लिहिलं होतं, ‘सगळे एकदम वर, सारखेच. इमारत अशी उचलत नाही. बीएम तपासणे.’

कारण साधं आहे, पण विसरायला होतं. उपकरणाची उंची आपण बेंचमार्कच्या (बीएम, पातळी ठाऊक असलेली पक्की खूण) ठरलेल्या पातळीत त्याच्यावरचं वाचन मिळवून काढतो. बेंचमार्कच खाली गेला तर त्याच्यावरचं वाचन वाढतं, उपकरण आहे त्यापेक्षा उंच ठरतं आणि मग जग सगळं वर गेलेलं दिसतं. क्लोजरने हे कधीच सापडत नाही. फेरी त्याच बेंचमार्कवरून निघून त्याच्यावरच परत येते, आणि खचलेला बेंचमार्कही स्वतःशी प्रामाणिकच असतो.

तिच्याकडे बेंचमार्क तीन होते आणि हेच तिचं मोठं शहाणपण. खोदाईचा परिणाम साधारण खोलीच्या दोन-तीन पट अंतरापर्यंत पोचू शकतो. इथे ३६ मीटर. तिन्ही बेंचमार्क तिने १०० मीटरच्या पलीकडे ठेवले होते. ‘क’ एका जुन्या देवळाच्या दगडी जोत्यावर, ‘ब’ पुलाच्या पायावर, ‘अ’ फुटपाथच्या कडेला दगडी खांबावर. नेहमीच्या फेरीला ‘अ’ सोयीचा होता. दुसऱ्या दिवसापर्यंत न थांबता त्याच संध्याकाळी तिने तिघांना जोडणारी ६४० मीटरची फेरी केली. ‘ब’ आणि ‘क’ यांच्यातला फरक जानेवारीतल्या फरकाशी ०.४ मिलिमीटरमध्ये जुळला. ‘अ’ ३.१ मिलिमीटर खाली. त्याच्या शेजारी तीन दिवसांपूर्वी केबलसाठी चर खणला होता, वरवर बुजवला होता आणि त्यात पावसाचं पाणी मुरत होतं.

मग आकडे पुन्हा मांडले. २३ बिंदू जागच्या जागी. सातवा, ०.९ वजा ३.१, म्हणजे २.२ मिलिमीटर खाली. तक्त्यात जो सर्वात स्थिर दिसत होता, तो एकटाच खचत होता.

सातवा खांब खड्ड्याच्या ज्या कोपऱ्यात पाणी उपसणारा पंप होता त्याच्या सर्वात जवळचा. शेजारचा खांब ३.२ मीटरवर. २.२ मिलिमीटर म्हणजे अंतराच्या सुमारे साडेचौदाशेव्या भागाएवढा फरक. साधारणपणे ५०० व्या भागाच्या आत राहावं असं पाहतात, ३०० व्या भागाच्या आसपास भिंतींना तडे दिसू लागतात. म्हणजे धोका दूर होता, पण दिशा धोक्याची होती. त्याच रात्री स्ट्रक्चरल सल्लागाराला पत्र गेलं, दोन तक्त्यांसह, जुना आणि दुरुस्त. पत्रात पहिलंच वाक्य होतं की ‘अ’ बेंचमार्कवरून दिलेला आमचा आजचा सकाळचा तक्ता चुकीचा आहे, तो रद्द समजावा. त्याच्या आधीची फेरी चर खणण्यापूर्वीची, म्हणून ती ग्राह्य. फेऱ्या रोज झाल्या. तिसऱ्या दिवशी सातवा ४.१ मिलिमीटर खाली होता. त्या कोपऱ्यातला उपसा थांबवला, आडवा आधार वाढवला. खचणं ४.६ ला थांबलं. ५०० वा भाग ६.४ मिलिमीटरवर लागला असता.

आम्ही ज्या सकाळी गेलो तेव्हा खड्डा केव्हाच भरून वर तळमजल्याचा स्लॅब पडला होता. तीच ६४० मीटरची फेरी त्या दोघांनी आमच्यासमोर पुन्हा केली, आमच्या लेव्हलने. वीस-वीस मीटरची दृष्टी, लेव्हलच्या सोळा मांडण्या. जमिनीपासून पहिल्या अर्ध्या मीटरातलं वाचन कुठेच घेतलं नाही, तिथली हवा सर्वात आधी लहरते. नेहमीच्या चांगल्या कामाला १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, म्हणजे इथे ९.६ मिलिमीटर सूट असते, काटेकोर कामाला ४ ने धरली तर ३.२. आमचं क्लोजर ०.६ आलं. पाचव्या मांडणीवर बेस्टची बस शेजारून गेली आणि काका म्हणाले, “ताई, थांबा, पट्टी हलली.” लेव्हलवर वाचन आलेलंही होतं. तिने ते कापलं आणि पुन्हा घेतलं. पानावर लिहिलं, ‘बस गेली’.

निर्णयाला मात्र वेळ लागला. आमच्यातल्या एकांचं म्हणणं पडलं की बेंचमार्क तपासणं हे कर्तव्यच आहे, कर्तव्याला पुरस्कार कशाला? मुद्दा चुकीचा नव्हता. पण तिन्ही बेंचमार्क आधीच बसवून ठेवणं, क्लोजर उत्तम असतानाही आकड्यांवर संशय घेणं, त्याच संध्याकाळी फेरी मारणं आणि स्वतःचा तक्ता स्वतः रद्द करणं, ही चारही कामं एकत्र असलेला दुसरा अर्ज सातात नव्हता. गुणपत्रिकेत तंत्रज्ञानाला ३० गुण होते, सादरीकरणाला २०. चूक शोधून ती मान्य करण्यासाठी रकानाच नव्हता. आम्ही तो शेऱ्यात लिहिला आणि पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी तीन अटी सुचवल्या: मूळ फील्ड बुक किंवा उपकरणाची कच्ची फाइल, तपासणीचे स्वतंत्र बिंदू आणि पातळीचं शून्य कुठलं याची नोंद.

पुरस्कारपत्रावर नाव कंपनीचं छापतात. या वेळी खाली दोन नावं जास्त टाकली, लेव्हलवर होती तिचं आणि पट्टी धरणाऱ्या काकांचं. काकांचं नाव आधारकार्डावर कसं आहे ते विचारायला फोन केला, तर ते दादरला दुसऱ्या एका खड्ड्यावर सकाळची फेरी करत होते. म्हणाले, “साहेब, अर्ध्या तासाने करा, अजून सहा बिंदू राहिलेत.”